गणवेशातल्या माणसाचे गाऱ्हाणे

१८ ऑगस्ट १९८२ रोजी राज्य सरकारने महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटनेची मान्यता काढून घेतली आणि तिच्या पुढाऱ्यांना उजाडण्याआधीच ताब्यात घेतले. दिवस वर आला तसे नायगाव, वरळीच्या पोलीस वसाहतींतले शिपाई रस्त्यावर उतरले. लोकल अडल्या, गाड्या जळाल्या, दुकाने फुटली, लुटालूट झाली. गिरणगावातले संपकरी कामगारही त्यात मिसळले. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. माणसे दगावली. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. तीनच दिवस आधी, स्वातंत्र्यदिनी, याच शिपायांनी गणवेशावर काळ्या फिती लावून आपला निषेध नोंदवला होता.

प्रशासनाने या घटनेतून घेतलेला धडा एका वाक्याचा आहे: पोलिसांना संघटना दिली की शिस्त जाते. गेली चार दशके तो इतका पक्का बसला आहे की त्यावर चर्चासुद्धा होत नाही. मला तो अपुरा वाटतो. आणि त्याची किंमत शिपायाइतकीच ठाण्याची पायरी चढणाऱ्या सामान्य माणसानेही मोजली आहे, असे माझे मत आहे. त्या दिवशी जे घडले त्याची भलामण मी करणार नाही. ज्याच्या भरवशावर दुकानदार रात्री कुलूप लावून घरी जातो, त्याच्या डोळ्यांदेखत आणि काही ठिकाणी त्याच्याच हातून ते दुकान फुटावे, यासारखा विश्वासघात नाही. पण काळी फीत लावून का होईना, कामावर येणारा शिपाई अजून बोलायला तयार असतो. पंधरा तारखेपासून अठरा तारखेपर्यंत त्याच्याशी बोलायची जागा कुठे होती, हे आपण विचारलेच नाही.

हे शिपाई कोण होते, ते आधी पाहू. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. यांतल्या अनेक खोल्यांत पोलीस राहत आले आणि भिंतीला भिंत लागून गिरणी कामगार. दोघेही बहुधा सातारा, सांगली, कोल्हापूर नाहीतर कोकणातून आलेले. एका घरातला थोरला गिरणीत आणि धाकटा पोलिसात, ही काही अपूर्वाई नव्हती. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर होते. म्हणजे ऑगस्ट उजाडेपर्यंत सात महिने पोलीस शिपाई गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा होता, आणि समोरच्या गर्दीत त्याच्याच गावचा, त्याच्याच चाळीतला माणूस उपाशी उभा होता.

त्या वर्षीच्या गिरणगावात आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार कापड गिरण्यांत कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. बहुसंख्य कामगारांनी आपला माणूस म्हणून दुसऱ्यालाच निवडले होते, पण कायदा त्याला ओळखत नव्हता. इकडे शिपायांची संघटना होती, पण तिची मान्यता सरकारच्या मर्जीवर होती आणि एका सकाळी ती गेली. शेजारी शेजारी राहणारे दोन समाज एकाच वेळी एकाच गोष्टीसाठी धडपडत होते: आमच्या वतीने कोणी बोलायचे, ते आम्हाला ठरवू द्या. गिरणी कामगारांवर मराठीत कथा-कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली, अभ्यास झाले. त्यांच्याच चाळीतल्या शिपायाच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. संपकरी कामगाराला आपण हुतात्मा मानले. संपकरी पोलिसाला बडतर्फीचा आदेश मिळाला.

त्याची गाऱ्हाणी काय होती? तीच, जी आजही आहेत. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ मध्ये दिलेला पहिला अहवाल जवळजवळ सगळा शिपायावर आहे. दिवसाला दहा ते सोळा तास काम, आठवड्याचे सातही दिवस. साहेबांच्या घरची ऑर्डरली ड्युटी: भाजी आणणे, पोरांना शाळेत सोडणे. घर नाही, बढती नाही. २०१४ मध्ये पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी झालेल्या देशव्यापी अभ्यासातही ठाण्यातले सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांपेक्षा जास्त काम करतात असे आढळले. गणपतीत लालबाग-परळला विसर्जनाच्या दिवशी गेलात तर हे आकड्यांशिवाय दिसते. सकाळी बंदोबस्ताला उभा राहिलेला हवालदार दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागचा राजा चौपाटीकडे असताना तिथेच कुठेतरी दुभाजकावर बसलेला असतो, बूट सैल करून. महिला शिपायाची अडचण तर आणखी वेगळी. बंदोबस्ताच्या जागी स्वच्छतागृह असेलच असे नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही.

आता शिस्त. पोलीस खात्यातली शिस्त जवळून पाहायची असेल तर ऑर्डरली रूम पाहावी. शिपाई कामावर उशिरा आला, पॉइंटवर सापडला नाही, गणवेश नीट नाही, की त्याचा कसुरी अहवाल जातो. मग तो वरिष्ठांपुढे उभा केला जातो, टोपी आणि पट्टा काढून. बक्कल नंबर सांगायचा, कसूर ऐकायची, दोन वाक्यांत काय ते बोलायचे. सक्त ताकीद, दंड, जादा कवायत, किंवा वेतनवाढ रोखण्याची कारणे दाखवा नोटीस. सगळे काही मिनिटांत. मोठ्या शिक्षेसाठी विभागीय चौकशी आहे, नियम आहेत, अपील आहे. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ पासून काम करते आहे आणि तिथे शिपायांना न्याय मिळाल्याची उदाहरणेही आहेत. पण तिथे जायचे ते एकट्याने, वकील लावून, शिक्षा होऊन गेल्यावर. वेळापत्रक चुकीचे आहे, रजा मंजूर होत नाहीत, बदल्यांत पैसे चालतात, अशा सगळ्यांना मिळून सोसाव्या लागणाऱ्या गोष्टींसाठी ती जागा नाही.

त्यासाठी खात्यात दरबार असतो. मुख्यालयाच्या मैदानावर किंवा सभागृहात वरिष्ठ समोर बसतात, शिपाई रांगेत. ज्याला काही सांगायचे आहे त्याने उभे राहायचे, सॅल्यूट करायचा, नाव आणि बक्कल नंबर सांगायचा. क्वार्टरचे छप्पर गळते, प्रवासभत्त्याचे बिल अडले आहे, अशी कामे दरबारात होतात, आणि चांगला अधिकारी ती जागच्या जागी मार्गी लावतो. पण ज्या निरीक्षकामुळे त्रास आहे तो त्याच मंचावर बसलेला असताना, नाव-नंबर सांगून, त्याच्याविरुद्ध कोण उभा राहील? गाऱ्हाणे सांगणाऱ्याला ओळख लपवता येत नाही आणि सोबत दुसरा कोणी घेता येत नाही, तिथे खरी गाऱ्हाणी येत नाहीत.

एकत्र येण्यावरची कायद्याची बंदी स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने सर्व नागरिकांना संघटना करण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि अनुच्छेद ३३ ने सुव्यवस्था राखणाऱ्या दलांपुरते ते आखडण्याचा अधिकार संसदेला दिला. त्यातून १९६६ चा पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियम आला. मंजुरीशिवाय कामगार संघटनेचे सभासद होता येत नाही, वृत्तपत्रांशी बोलता येत नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या शिपायांच्या संघाला मान्यता मिळाली. एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या निवासस्थानासमोर निदर्शने केली, धरपकड झाली, पुढे मान्यताही गेली. त्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९८६ मध्ये निकाली निघाला. निकाल सरकारच्या बाजूने लागला.

ही विचारसरणी इंग्रजांकडून आली, असे आपण सहज म्हणतो. पण इंग्रजांनी स्वतःच्या देशात काय केले ते पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये, महायुद्ध सुरू असताना, लंडनच्या पोलिसांनी संप केला. पुढच्या वर्षी पुन्हा झाला, तेव्हा लिव्हरपूलमध्ये लुटालूट झाली, सैन्य उतरले आणि संपकऱ्यांना कायमचे घरी पाठवण्यात आले. १९१९ च्या पोलीस कायद्याने पोलिसांच्या कामगार संघटनेवर बंदी घातली, संपाला चिथावणे हा गुन्हा ठरवला. इथवर आपली गोष्ट तीच आहे. पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन स्थापन केले: शिपायापासून निरीक्षकापर्यंत प्रत्येक पायरीवरून निवडून आलेले प्रतिनिधी, कल्याणाच्या आणि कार्यक्षमतेच्या प्रश्नांवर सरकारपुढे बोलण्याचा कायदेशीर हक्क असलेले. सोबत डेस्बरो समितीच्या शिफारशीनुसार पगार भरघोस वाढवले. संपाचा हक्क काढून घेतला, आणि त्या बदल्यात ऐकले जाण्याचा हक्क दिला.

तीनच वर्षांनी, १९२२ मध्ये, हिंदुस्थानात पोलिसांमध्ये अप्रीती चिथावण्याविरुद्धचा कायदा आला. ब्रिटिश कायद्याचा बंदीचा अर्धा भाग तेवढा जहाजात चढला. निवडून आलेल्या प्रतिनिधींचा भाग तिकडेच राहिला. वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी असे करावे यात नवल नाही. त्यांना शिपाई हवा होता तो लोकांवर चालवायला. स्वतंत्र भारताने १९६६ मध्ये पुन्हा तोच अर्धा भाग उचलला, हे मात्र मला सोसत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू अमेरिकेत दिसते, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सप्टेंबर १९१९ मध्ये बॉस्टनचे हजाराहून अधिक पोलीस संपावर गेले, कारण त्यांच्या संघटनेच्या १९ पुढाऱ्यांना आयुक्तांनी निलंबित केले होते. शहरात दंगल झाली. गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी एकाही संपकऱ्याला परत घेतले नाही; त्या कठोरपणाने त्यांचे नाव देशभर झाले आणि पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यानंतर चाळीसेक वर्षे अमेरिकी पोलिसांची सामूहिक वाटाघाट जवळजवळ थंडावली. १९६० नंतर ती परत आली, आणि या वेळी ती पगारावर थांबली नाही. शहराची तिजोरी रिकामी असेल तेव्हा पगारवाढीऐवजी शिस्तीच्या तरतुदी देऊन करार होऊ लागले, कारण त्यांना त्या क्षणी पैसे पडत नाहीत. गोळीबार केलेल्या पोलिसाची जबानी काही दिवस घ्यायची नाही. जुन्या तक्रारींची नोंद ठरावीक मुदतीनंतर काढून टाकायची. बडतर्फी झाली तर अंतिम निर्णय लवादाचा. वॉशिंग्टन पोस्टने २०१७ मध्ये मोठ्या पोलीस खात्यांची कागदपत्रे तपासली, तेव्हा २००६ पासून बडतर्फ केलेल्या १,८८१ पोलिसांपैकी ४५१ जणांना अपिलात परत घ्यावे लागल्याचे दिसले. पोलिसांसाठी खास चौकशी-संरक्षणाचा कायदा मेरीलँडने १९७४ मध्ये देशात पहिल्यांदा केला. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, २०२१ मध्ये, त्यानेच तो रद्द केला. वॉशिंग्टन शहराने तर २०२० मध्ये शिस्तीचा विषय वाटाघाटीच्या टेबलावरून काढूनच घेतला.

म्हणजे संघटना दिली की ती नागरिकावर हात उचलणाऱ्यालाही पाठीशी घालू शकते. हे खरे आहे. पण आपल्याकडे संघटना नाही, तरी कोठडीत माणसे मरतातच. ख्वाजा युनूसचा घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात कोठडीत असताना २००३ मध्ये मृत्यू झाला. त्या प्रकरणातला आरोपी अधिकारी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाला आणि जून २०२० मध्ये, खटला चालू असतानाच, पुन्हा सेवेत आला. कुठल्याही संघटनेने त्याच्यासाठी करार केला नव्हता. प्रशासकीय समितीच्या शिफारशीवर हे झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकरणात अडकल्यावर त्याला अनुच्छेद ३११(२)(ब) खाली, चौकशीशिवाय, बडतर्फ करण्यात आले. हीच तरतूद १९७९ च्या बोकारोतल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या आंदोलकांवर वापरली गेली होती आणि तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ती उचलून धरली. वरिष्ठांना अडचणीत आणणाऱ्यावर खाते एका सहीने कुऱ्हाड चालवू शकते. सामान्य माणसाला मारणाऱ्याच्या बाबतीत तीच यंत्रणा वर्षानुवर्षे फाइल फिरवते.

माझा सगळा मुद्दा इथे येऊन थांबतो. पोलिसात दोन वेगळ्या शिस्ती आहेत. एक वरच्याकडे पाहते: सॅल्यूट, हजेरी, पट्ट्याची चकाकी, हुकूम. दुसरी लोकांकडे पाहते: तक्रार नोंदवून घेतली का, कोठडीत हात लावला का, पैसे मागितले का. पहिली शिस्त आपल्याकडे कडक आहे आणि दुसरी ढिली. अमेरिकेच्या चुकीवरून आपण शिकायचे असेल तर ते असे की दुसरी शिस्त वाटाघाटीत कधीही आणायची नाही, कारण तिथे तिसरा पक्ष असतो, नागरिक, आणि तो टेबलावर बसलेला नसतो. तिच्यासाठी स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण हवे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते २००६ मध्ये सांगितले, महाराष्ट्राच्या कायद्यात यायला २०१४ उजाडले. पण कामाचे तास, रजा, घर, ऑर्डरली ड्युटी, बदलीचे निकष, शिक्षेआधी सोबत एक सहकारी आणण्याची मुभा, या गोष्टींत नागरिकाचे काहीही बुडत नाही. उलट झोप झालेला, अपमान न झालेला शिपाई त्याच्याशी बरे बोलेल. ज्याला स्वतःच्या चौकशीत कधी धड ऐकून घेतलेले नाही, त्याने दुसऱ्याचे नीट ऐकून घ्यावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? राष्ट्रीय पोलीस आयोगाने हे ओळखले होते. पोलिसांच्या गाऱ्हाण्यांची यंत्रणा आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी हे दोन्ही विषय त्याने त्याच पहिल्या अहवालात मांडले. शासनाने दोन्ही बासनात ठेवले. तीन महिन्यांत पंजाबातून आंदोलन पेटले आणि राज्याराज्यांत पसरले.

संप मात्र नाही. याबाबत माझ्या मनात शंका नाही. दवाखान्यातली परिचारिका संपावर गेली तर दुसरा दवाखाना गाठता येतो. पोलिसाला पर्याय नसतो, आणि त्याच्या हातात शस्त्र असते. ज्यांच्याकडून संपाचा हक्क घेतला, त्यांना त्याहून जास्त ऐकले गेले पाहिजे, इतकेच.

बंद दारामागे काय होते तेही आपण पाहतो आहोत. शिपायाला बोलता येत नाही, म्हणून त्याची बायको बोलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणात विशेष पोलिसांच्या बायका मुलांना कडेवर घेऊन रस्त्यावर बसल्या. सरकारने ३९ जवान निलंबित केले आणि दहा जणांना चौकशीशिवाय बडतर्फ केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तीस हजारी न्यायालयातल्या वकिलांशी झालेल्या मारामारीनंतर दिल्लीचे शेकडो पोलीस आपल्याच मुख्यालयासमोर घोषणा देत उभे राहिले. या लोकांशी बोलायला कोणी निवडून आलेला प्रतिनिधी नव्हता, म्हणून आयुक्तांना स्वतः बाहेर येऊन जमावाला हात जोडावे लागले. दुसरीकडे केरळात शिपायांच्या निवडून आलेल्या, मान्यताप्राप्त संघटना कित्येक वर्षे आहेत, आणि केरळचे पोलीस दल त्यामुळे कोसळलेले नाही. मुंबईतही २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. त्याचे गणित एका शिपायाने मांडले होते आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतले. एक आयुक्त ऐकणारा निघाला म्हणून ते झाले. त्याच्या जागी येणाऱ्याने ऐकलेच पाहिजे अशी कुठेही सोय नाही.

ती सोय करायला नवा कायदा लागत नाही. १९६६ च्या अधिनियमातल्या कलम ३ ची बंदी सरसकट नाही. सक्षम प्राधिकाऱ्याची स्पष्ट मंजुरी नसताना संघटनेत जाण्याला ती बंदी आहे. महाराष्ट्र सरकारने अशी मंजुरी द्यावी: गुप्त मतदानाने निवडलेले शिपाई-हवालदारांचे प्रतिनिधी, संपाची स्पष्ट मनाई, नागरिकांच्या तक्रारींवरच्या कारवाईत हस्तक्षेपाची तितकीच स्पष्ट मनाई, आणि वर्षातून ठरलेल्या वेळा गृहसचिवांसमोर बसण्याचा हक्क. वरिष्ठ अधिकाऱ्यांची आयपीएस असोसिएशन आज याच देशात, याच राज्यात, उघडपणे काम करते आहे.